उड्या मोजायला शिकले ते वर्ष

उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर खाली, बोटाचं टोक मावेल एवढ्याच जागेत दुखायचं. म्हणजे कसं, तर सकाळी जिना उतरताना टोचायचं, संध्याकाळी आश्वेच्या किनाऱ्यावर वॉर्मअपची पहिली दहा मिनिटं टोचायचं, मग अंग तापलं की गायब, मग मी दीड तास उड्या मारायचे आणि मनात म्हणायचे की बघ, काही नाहीये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर परत तेच. २०२२ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबर संपेपर्यंत हे असंच चाललं. अंग तापलं की जातं आणि दुसऱ्या सकाळी परत येतं, ही या दुखण्याची ओळखच आहे हे मला नंतर कळलं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. सातवीत शाळेत तायक्वांदो सुरू केलं, कॉलेजात ब्लॅक बेल्ट झाला, आणि मग नोकरी लागली ती हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला, आठ-नऊ तास उभं राहायचं काम. ट्रिकिंग पहिल्यांदा बघितलं हरमलच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी तिथे ढोल वाजवत लोक गोल करून बसतात, त्या गोलाच्या बाहेर दोन विदेशी पोरं ओल्या वाळूवर किक मारत मारतच हवेत आडवी होत होती. तायक्वांदो, वुशू, कापोएराच्या किक आणि जिम्नॅस्टिक्सच्या कोलांट्या एकात एक जोडत जायचं, म्हणजे ट्रिकिंग. समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो. मी अर्धा तास तोंड उघडं टाकून बघत उभी होते, आणि त्यातली एक किक बघून तर अंगावर काटाच आला, कारण ती मला येत होती! ५४० किक. तायक्वांदोत आम्ही ती डेमोसाठी करायचो.

या ५४० बद्दल जरा थांबून सांगते, कारण माझ्या दुखण्याचं मूळ तिच्यातच होतं. उजव्या बाजूने मारणाऱ्याचं असं होतं की डावा पाय वर झोकायचा, उजव्या पायाने उडायचं, हवेत गिरकी घेत त्याच उजव्या पायाने किक मारायची आणि परत त्याच उजव्या पायावर उतरायचं. म्हणजे उड्डाणही उजवा, उतरणंही उजवा. बटरफ्लाय किकमध्ये एका पायाने उडून दुसऱ्यावर उतरतो, तिथे भार वाटला जातो. ५४० मध्ये वाटणी नाही, एकाच गुडघ्याला दोन्ही वेळा. एका पायावर उतरताना गुडघ्यावर येणारा जोर हा आपल्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि तो सगळा मांडीच्या पुढच्या स्नायूतून वाटीवर आणि वाटीखालच्या त्या छोट्या पट्टीवर, म्हणजे टेंडनवर, जातो.

आता पावसाळ्यात आमच्याकडे किनारा बंदच असतो, समुद्र पार वरपर्यंत येतो. जून ते सप्टेंबर मी फक्त घरी स्ट्रेचिंग आणि थोडे पुशअप एवढंच केलं होतं. ऑक्टोबरात किनारा मोकळा झाला आणि मी पहिल्याच आठवड्यात चार दिवस गेले. माझ्या भावाने त्यातल्या एका संध्याकाळचं शूटिंग केलं होतं, पुढे मी ते बसून मोजलं, नव्वदच्या वर उड्या होत्या आणि त्यातल्या साठेक तरी ५४०. चार महिने ज्या टेंडनने काहीच केलं नव्हतं त्याला एका संध्याकाळी साठ उड्डाणं आणि साठ उतरणी! दमायला झालं नव्हतं, श्वास लागला नव्हता, स्नायू ठणठणीत होते, म्हणून मला वाटलं जमतंय.

दुखायला लागल्यावर आधी घरचे उपाय झाले. आईने नारळाचं तेल कोमट करून चोळलं, शेजारच्या मावशीने कसला तरी पाला बांधायला दिला. मग एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले महिनाभर पूर्ण विश्रांती घ्या, आणि या उड्याबिड्या आता सोडा, लग्नाचं वय आहे. मला ते फार लागलं. दुखतंय गुडघा आणि बोलणं कशावर. तरी मी विश्रांती घेतली, तीन आठवडे काहीच केलं नाही, दुखणं खरंच गेलं, आणि चौथ्या आठवड्यात किनाऱ्यावर गेले तर दहाव्या उडीला परत तिथेच, पहिल्यापेक्षा जास्त. विश्रांतीत टेंडन शांत होतो पण सोबत आणखी नाजूकही होतो, भार घ्यायची त्याची ताकद उतरते, आणि आपण परत जातो ते जुन्याच आकड्यावर. मी हे चक्र दोनदा केलं.

म्हापशाला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, त्यांच्याकडे मी जानेवारी २०२३ मध्ये गेले. दिवस लक्षात आहे कारण त्याच आठवड्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला होता आणि आमच्या हॉटेलात रात्री-बेरात्री चेक-इन व्हायला लागले होते, मी रात्रपाळी करून तशीच बसने गेले. मॅडमनी पहिल्यांदा काय केलं तर मला एका उतरत्या फळीवर उभं केलं, टाच वर, बोटं खाली, आणि एका पायावर हळूहळू बसायला सांगितलं. डावा, मग उजवा. उजव्याला अर्ध्यातच ती टोचणी आली. "शून्य ते दहात किती?" सात. "बोटाने दाखव कुठे." मी एका बोटाने दाखवलं. त्या म्हणाल्या, एका बोटाने दाखवता येतंय आणि उडीनेच वाढतंय, म्हणजे पटेलर टेंडनचं दुखणं आहे, याला जंपर्स नी म्हणतात, एमआरआयची आत्ता गरज नाही. मी इंजेक्शनबद्दल विचारलं कारण जिममधल्या एकाने स्टिरॉइडचं घेतलं होतं आणि आठवड्यात पळायला लागला होता. त्या म्हणाल्या काही आठवडे बरं वाटेल, पण पुढे परत येतं आणि टेंडनलाही ते चांगलं नाही, तुला वर्षानुवर्षं उडायचंय ना?

मग त्यांनी जे समजावलं ते मी अजून विसरले नाही. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सकाळी सायकलवर येतो त्याच्याकडे काकणं असतात ना, बांगडीसारखी, मधे भोक. तुझा टेंडन आता तसा आहे म्हणाल्या. मधला थोडा भाग बिघडलाय, तो बहुतेक पूर्वीसारखा होणार नाही. पण भोवतालची कड चांगली आहे, ती आपण जाड आणि मजबूत करायची, भोकाच्या मागे लागायचं नाही. आणि हे काम हळू होतं. स्नायूला काही आठवड्यांत फरक दिसतो, टेंडनला महिने लागतात. माझी चूक नेमकी इथेच होती, मी स्नायूंना विचारून उडत होते आणि टेंडनला विचारतच नव्हते.

पहिले तीन आठवडे हलायचंच नाही, नुसतं धरून ठेवायचं. स्पॅनिश स्क्वॉट. दादाकडे गाडी ओढायचा जाड पट्टा होता, तो आमच्या अंगणातल्या माडाला वेढून दोन्ही गुडघ्यांच्या मागून घ्यायचा, माडाकडे तोंड करून मागे रेलायचं आणि खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायचं, नडगी सरळ उभी राहिली पाहिजे. पट्टा गुडघ्यांना पुढे ओढतो आणि मांडीचा पुढचा स्नायू पेटतो. ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. आई वाफाळती पेज घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "अगो, माडाला बांधून घेतलंस काय स्वतःला?" चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की हे केल्यावर तासभर तरी जिना चढताना टोचत नाही. सगळ्यांनाच असा आराम पडतो असं नाही हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, मला पडला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हा गुडघा माझं ऐकतोय.

सोबत एक नियम दिला आणि तो मी आजही पाळते. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उतरत्या फळीवर एका पायाने बसून बघायचं, कालच्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं. करताना किती दुखलं यापेक्षा चोवीस तासांनी काय होतंय ते महत्त्वाचं. गावातल्या सुताराने मला फणसाच्या लाकडाची फळी करून दिली, २५ अंशाची, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं कशाला हवी, आणि सांगितल्यावर स्वतः वर उभा राहून बसून बघितलं.

फेब्रुवारीपासून जिम. आठवड्यातून तीन दिवस, लेग प्रेस, स्क्वॉट आणि हॅक स्क्वॉट, प्रत्येकाचे चार सेट, आणि खरी गोम अशी की प्रत्येक रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, सहा सेकंदांचा, तीन सेकंद खाली तीन सेकंद वर. पहिल्या आठवड्यात पंधरा रेप जेमतेम निघतील एवढं वजन, मग बारा, दहा, आठ करत बाराव्या आठवड्यापर्यंत सहाच रेप निघतील एवढं जड. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठेका धरायची टिकटिक, लावून करायचे. जिममधली पोरं पहिले काही दिवस बघत राहायची कारण ती धडाधड वीस मारायची आणि मी एका रेपला एवढा वेळ. पण हळू केलं की झटका मारून वजन उचलता येत नाही, भार पूर्ण वेळ टेंडनवर राहतो, आणि टेंडनला तोच हवा असतो. मी याआधी कधी वजन उचललंच नव्हतं हो. तायक्वांदोच्या आमच्या सरांचं मत होतं की वजनाने पाय जड होतात, किक मंदावते, आणि आम्ही ते पक्कं मानलं होतं. माझी किक मंदावली नाही. उलट आता मी वर जास्त वेळ राहते, गिरकी पूर्ण करायला वेळ मिळतो.

पाचव्या आठवड्यात, मार्चमध्ये, शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, आला. गुडघा जवळजवळ दुखतच नव्हता. सावंतवाडीहून मामाची मुलं आली होती, देवळासमोर ढोल-ताशे चालू होते, पोरं म्हणाली ताई ती किक दाखव ना, आणि मी दाखवली. एक नाही, त्या ढोलाच्या नादात पंधरा-वीस झाल्या असतील, सिमेंटच्या अंगणावर, अनवाणी. त्यावेळी काही दुखलं नाही. दुसऱ्या सकाळी फळीवर सहा. रडू आलं मला. मॅडमना फोन केला तर त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की वजनाला तयार झालेला टेंडन उडीला तयार असतोच असं नाही, उडीत तो स्प्रिंगसारखा ताणून सुटतो, ते वेगळं शिकवावं लागतं, दोन आठवडे मागे जा आणि परत ये. गेले मागे. माडाचा पट्टा परत.

बारा आठवडे त्यामुळे चौदा झाले. मग मे महिन्यात उतरायला शिकले. उडायला नाही, उतरायला. पंधरा वर्षं किक मारतेय आणि कोणीच मला कधी उतरायला शिकवलं नव्हतं, सगळं लक्ष वर काय होतंय त्याच्यावर. घराच्या पायरीवरून, साधारण २० सेंटीमीटर, दोन पायांवर उतरायचं आणि आवाज येऊ द्यायचा नाही. दादाने समोरून स्लो मोशन शूट केलं तेव्हा दिसलं की माझा उजवा गुडघा प्रत्येक वेळी आत झुकतो, अंगठ्याच्याही आत. आणि उतरताना पाय जवळपास सरळच. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारे लिगामेंट फाटतात ते बरेचदा याच स्थितीत, पाय सरळ, गुडघा आत, वरचं अंग वळलेलं, आणि मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. मग कंबरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी साईड प्लँक, एका पायाचा डेडलिफ्ट, मांडीच्या मागच्या बाजूला नॉर्डिक कर्ल, ज्यात दादा माझ्या घोट्यांवर बसायचा आणि मी गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचे, पहिल्या दिवशी तर अर्ध्यातच धपकन तोंडावर. पोटऱ्यांसाठी गुडघा वाकवून टाच उचलणं, पाठीवर तांदळाची दहा किलोची पिशवी. गुडघा पुढे दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला लागला तेव्हा पायरी ३० ची केली, मग ४०, मग एका पायावर परत २० पासून.

हे चालू असताना माझ्यासोबत ट्रिकिंग करणाऱ्या एका मित्राचं जे झालं ते सांगायलाच हवं. मे महिन्याचाच शेवट, पावसाच्या आधी, मी बसून होते आणि तो कॉर्क करत होता, म्हणजे एका पायावरून उडून मागे उलटं होत पूर्ण गिरकी. कोरड्या भुसभुशीत वाळूवर उतरला, पाय घोट्यापर्यंत रुतला, अंगाची गिरकी मात्र अजून थोडी बाकी होती. पाय जागेवर, अंग फिरलं. टक् असा आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, गेलं, ऑपरेशन झालं. आम्ही सगळे समजायचो की वाळू मऊ म्हणून सुरक्षित. मार कमी लागतो हे खरं, पडलं तर लागत नाही हेही खरं, पण मऊ वाळूत पाय अडकतो, घोटा डगमगतो, आणि उड्डाणाचा बराच जोर वाळूच खाते त्यामुळे उंची कमी, गिरकी अपुरी, आणि अपुरी गिरकी तर एका पायावर सगळ्यात वाईट. दुसरीकडे लाटेलगतची ओली वाळू जवळपास फरशीएवढी कडक, शिवाय भरतीला उतारावर उभं राहावं लागतं म्हणजे एक पाय कायम वर एक खाली. आता मी ओहोटीची वेळ बघूनच जाते. पाणी आत गेलं की मधला एक रुंद सपाट पट्टा मिळतो, ओलसर पण पाणी निथळलेला, तिथे पाय रुततही नाही आणि आपटतही नाही. मोरजीला तेंबवाड्याच्या बाजूला नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात, तो भाग राखून ठेवलेला असतो, तिकडे आम्ही जातच नाही. आणि नवीन गिरकी वाळूवर कोणीही शिकू नये हे माझं ठाम मत आहे. आधी मॅटवर, गिरकी दहापैकी दहा वेळा हवेतच पूर्ण होऊ दे, मग वाळू.

मित्र ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात म्हणायला लागला की आता पळता येतंय, उडून बघतो. त्याला मी मॅडमकडेच नेलं. त्यांनी नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासाचं सांगितलं, एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं पुढे ढकलाल, तितका प्रत्येक महिन्याला परत दुखापत व्हायचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होत गेला होता. आणि नुसते महिने नाही, दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. तो थांबला. त्याचं मन कसं होत होतं ते मला ठाऊक होतं, संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर आणि तो कठड्यावर बसून.

पावसाळा मी या वेळी वाया घालवला नाही. देवळाचा सभामंडप मोठा आहे पण फरशी गुळगुळीत, तिथे उड्या नकोतच, म्हणून आमच्या जुन्या तायक्वांदो क्लासच्या मॅट, चार सेंटीमीटर जाडीच्या, दोन थर करून. दर तिसऱ्या दिवशीच उड्या, मधल्या दिवसांत वजनं. वीस साध्या दोन पायांच्या उड्यांपासून सुरुवात, सकाळी फळी ठीक तर पुढच्या वेळी पंचवीस. वहीत तारीख, उड्या, सकाळचा आकडा. ऑगस्टमध्ये एका पायाच्या उड्या, सप्टेंबरात ५४० चं नुसतं उड्डाण, किक नाही. पहिल्या महिन्यात फार कंटाळा आला पण मग वहीच वाचावीशी वाटायला लागली, कारण त्यात दिसायचं की रात्रपाळी दोन सलग झाल्या की सकाळचा आकडा एकाने चढतो, झोप झाली की उतरतो. त्या दिवशी उड्या निम्म्या करायच्या एवढं मी ठरवून टाकलं.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होत्या, हॉटेलात ट्रॅकसूटवाल्यांची गर्दी, कोणाच्या गुडघ्याला टेप, कोणाच्या घोट्याला, काउंटरवरून मी चावी देता देता तेच बघायचे. एका रविवारी सुट्टी मिळाली, ओहोटी सकाळी होती, आश्वेला गेले. वर्षानंतर वाळूवर पहिली ५४०. गुडघा वाकलेला, रेषेत, आवाज जवळजवळ नाही. दादा म्हणाला अजून एक. मी दहा मारल्या आणि थांबले. दुसऱ्या सकाळी फळीवर एक.

आता डाव्या बाजूने शिकतेय, पहिल्यापासून, एखाद्या पांढऱ्या पट्ट्याच्या पोरासारखं, कारण सगळा भार आयुष्यभर उजव्यावरच टाकायचा नाहीये. आठवड्याचे दोन दिवस अजून वजनं, सहा सेकंदवालीच. ७२०, म्हणजे ५४० च्या पुढची, जास्त गिरकीची किक, मॅटवर दहापैकी सात वेळा पूर्ण होते, त्यामुळे वाळूवर अजून नाही. मित्राचे नऊ महिने झाले, उडीची चाचणी ८७ टक्के आली, तो म्हणाला अजून महिनाभर मीच माडाकडे येतो तुमच्या अंगणात. काल रविवार होता. वहीत लिहिलंय: ओहोटी साडेसहा, उजव्या दहा, डाव्या सहा, आज सकाळी शून्य.